गव्हाणीतला वरवंटा

सांताचा सूट शिवायला लाल कापड लागायचं, आणि ते रायपूरच्या पंडरी बाजारातून आणायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडायचं. कारण काय, तर मी मराठी. मराठी बाई भाव करते, फसत नाही, असा आमच्या कॉलनीचा समज होता आणि तो मी कधी मोडला नाही. मागच्या वर्षीचा सूट कुणीतरी गरम पाण्यात भिजवलेला असे, लालाचा गुलाबी झालेला असे, आणि गुलाबी सांता चालणार नाही यावर समितीचं एकमत असे. बाकी कशावरच नसे.

छत्तीसगढ राज्य नवं होतं आणि राजधानी त्याहून नवी. मंत्रालय जुन्या शहरातून उचलून नव्या रायपुरात नेलं, तेव्हा पहिली काही वर्षं आम्ही कर्मचारी रोज स्टाफ बसमध्ये हाडं खिळखिळी करत जायचो. शेवटी कंटाळून तिथंच हाउसिंग बोर्डाचा फ्लॅट घेतला. रस्ते एवढे रुंद की पलीकडे ओळखीचं माणूस दिसलं तरी हाक पोचू नये. बस कधी येईल ते बसलाही ठाऊक नसायचं. माझे यजमान रेल्वेत, निम्मा महिना बाहेरगावी. घरात मी, माझी नववीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचा अख्खा संसार गुढियारीत, मालधक्क्यामागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गेलेला. तिथं सकाळी दार उघडलं की बोलायला माणूस समोर हजर. इथं दार उघडलं की समोर दुसरं बंद दार. "कुत्रंबी ओळखीचं नाही इथं," असं त्या आठवड्यातून एकदा तरी म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

ते समोरचं बंद दार दीदीचं होतं. आमच्याच मंत्रालयात, दुसऱ्या विभागात ती होती. जशपूरकडची, उरांव आदिवासी समाजातली, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. नवरा एका बँकेत. मुलगी पाच वर्षांची, गालाला खळ्या पडणारी आणि एका जागी न बसणारी. दीदी मला भाभी म्हणायची, मी तिला दीदी. दोघींत मोठी कोण ते आम्ही कधी विचारलं नाही. बायकांनी विचारू नये असल्या थोड्या गोष्टींपैकी ती एक.

कॉलनीच्या नाताळाचं बहुतेक ओझं दीदीच्याच घरावर असे. "आपका ही तो त्योहार है," असं म्हटलं की झालं. केक तिनं करायचा. सांता तिच्या नवऱ्यानं व्हायचं. तो बिचारा काडीसारखा, पोटाला उशी बांधून हो हो करत फिरायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याचा घसा बसायचा. मग तंबोला, पोरांचा फॅन्सी ड्रेस, डीजे. मजा यायची, नाही कशाला म्हणू? मीही नाचले आहे. पण कार्यक्रम आटोपून सगळे घरोघर गेले की ही दोघं कपडे बदलायची आणि गाडी काढून शहरातल्या चर्चला जायची. तिथं काय होतं ते आम्ही विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

त्या वर्षी कापड घ्यायला दीदी माझ्यासोबत पंडरीला आली होती. लाल वेल्वेट मी चांगलं घासाघीस करून घेतलं, आणि आम्ही दोघी बाजाराबाहेर उसाचा रस पीत उभ्या राहिलो. डिसेंबरात उसाचा रस, हेही रायपुरातच. ती एकदम म्हणाली, "भाभी, एक बात बोलूँ? इस बार चरनी बाहर लगानी है. मंच के पास."

चरनी म्हणजे गव्हाण. गाईगुरांच्या चाऱ्याची. त्यांचा येशू गोठ्यात जन्मला आणि आईनं त्याला गव्हाणीत निजवलं, म्हणून नाताळात तो देखावा मांडतात. तिच्या गावी पाऱ्यापाऱ्यात मांडतात म्हणे, अंगणात, खऱ्या गव्हाणी आणून. "यहाँ तो बालक हर साल हमारे फ्रिज के ऊपर पैदा होता है," ती म्हणाली, आणि हसली. मग हसू थांबवून खरी गोष्ट सांगितली. तिच्या मुलीला शाळेत बाईंनी विचारलं, ख्रिसमसला कुणाचा वाढदिवस असतो? पोरगी सगळ्यांत आधी हात वर करून म्हणाली, सांताचा.

"उसकी गलती नहीं है," दीदी म्हणाली. "वो तो जो देखती है वही बोलेगी. उसका बाप ही सांता है. बालक को उसने बाहर कभी देखा ही नहीं. एक बार, भाभी. एक बार उसको सबके बीच में रखना है. बस."

मी म्हटलं, त्यात काय मोठं? समितीची मी सचिव. गणपतीत आपण त्याच मंचावर दहा दिवस बसवतोच ना? ठेव बिनधास्त.

माझं हे असंच असतं. समोरचं माणूस वाकडं असेल हे मला बैठकीत बसल्यावर कळतं.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त इंजिनीअर. सरकारी बांधकामात जन्म गेला, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत आधी तडा शोधायची सवय. माणूस वाईट नव्हता. पाण्याची मोटर बिघडली की स्वतः खाली उतरून बसायचा. पण "चरनी" हा शब्द ऐकला आणि त्यांनी चष्मा काढला.

"देखिए भाभीजी, क्रिसमस सबका है. सांता में किसको दिक्कत है? केक में किसको दिक्कत है? लेकिन ये झाँकी-वाँकी लगाएँगे तो धार्मिक हो जाएगा. कल को किसी ने वीडियो बनाकर डाल दिया, तो जवाब कौन देगा?"

"आणि गणपतीत आपण काय भूमितीचा क्लास घेतो?" मी विचारलं. मराठीतच विचारलं, रागात मला हिंदी सुचत नाही. त्यांना समजलं मात्र बरोबर.

"वो अलग बात है."

"कशी?"

कोपऱ्यात बसलेल्या दोघातिघांनी मोबाइल काढले. मला इतका संताप आला की समितीला दाखवायला नेलेलं लाल वेल्वेट त्यांच्याच टेबलावर आपटावं असं वाटलं. ज्याच्या जन्माचा सण, तो सोडून बाकी सगळं चालतं यांना! शेवटी अध्यक्षांनीच मधला रस्ता काढला. झोपडी करा, गाय-बैल ठेवा, मेंढरं ठेवा. गावाचा देखावा, छत्तीसगढी संस्कृती. फक्त मूर्ती नको.

मी तोंड उघडणार तेवढ्यात दीदी म्हणाली, "ठीक है भैया. मूर्ति नहीं रखेंगे अभी."

बसमध्ये दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर चिडले. तुझ्यासाठी मी भांडून राहिले आणि तू हो म्हणून मोकळी! तिनं शांतपणे डबा उघडला, मला चिल्याचा, म्हणजे तांदळाच्या धिरड्याचा, तुकडा दिला आणि सांगितलं की चोवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत गव्हाण रिकामीच ठेवतात. नाताळाआधीचे आठवडे हे वाट पाहण्याचे असतात. आगमन काळ म्हणतात त्याला. आधी झोपडी, मग गुरं, मग आई-बाप. बाळ सगळ्यांत शेवटी. म्हणजे अध्यक्षांनी बंदी घातली ती अशा गोष्टीवर, जी ती अजून करणारच नव्हती.

"और चौबीस को?" मी विचारलं.

"चौबीस को देखेंगे. 'जगह नहीं है' तो उनको पहले भी बोला गया था."

त्यावर मी बसच्या खिडकीबाहेर बघत राहिले. धर्मशाळेत जागा नव्हती म्हणून तर गोठ्यात जन्म, ही गोष्ट मला माहीत होती. शाळेत वाचली होती. पण ती आमच्या समितीच्या बैठकीची गोष्ट आहे हे तोवर कळलं नव्हतं.

चरनी बांधली ती रविवारी. राजधानी कितीही आखीवरेखीव असली तरी तिच्या कडेला अजून धानाची शेतं होती आणि तेव्हा मळणीचे दिवस होते. दीदीच्या नवऱ्यानं जवळच्या गावातून पैरा, म्हणजे धानाचं तणस, स्कूटरवर बांधून आणलं. बांबूच्या चार काठ्या, वर पैऱ्याचं छप्पर, आत मातीची गुरं. गव्हाण म्हणून फळांची एक लाकडी पेटी विटांवर ठेवली आणि तिच्यात मऊ पैरा अंथरला. मातीचे मरियम आणि योसेफ दोन्हीकडे गुडघे टेकून बसले. अध्यक्ष येऊन बघून गेले. माणसं आहेत, मूर्ती कशी म्हणणार, असा त्यांना प्रश्न पडला असावा, पण रिकामी पेटी बघून समाधानानं गेले.

सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर उन्हात बसून हे सगळं बघत होत्या. दीदीला त्यांनी जवळ बोलावलं.

"कायची गोष्ट आहे वो ही? सांग बरं मले."

दीदीनं सांगितली. हिंदीतच, पण सासूबाईंना हिंदी रायपूरचीच येते, अर्धी मराठी. पोटुशी बाई, लांबचा प्रवास, गाव अनोळखी, कुणी घरात घेत नाही. सासूबाईंची मान हळूहळू पुढे आली.

"थंडीचे दिवस?"

"हाँ माँजी. ठंड थी."

"अन् जवळ कोण होतं तिच्या? बाईमाणूस?"

"कोई नहीं. पति थे."

"गड्याले काय समजते त्यातलं!" सासूबाई एकदम उसळल्या. "दाई नाही, पाणी तापवाले कोणी नाही? वो बाप्पा, कसं केलं असेल त्या पोरीनं."

घरी येऊन मला म्हणाल्या, माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या वेळी त्या भंडाऱ्याकडून नुकत्याच इथं आल्या होत्या, मामंजी गाडीवर ड्युटीला गेलेले, आणि पाऱ्यातल्या ज्या बाईचं नावही माहीत नव्हतं तिनं सगळं केलं. ही हकीकत मी लग्नानंतर कितीदा तरी ऐकली होती, पण त्या दिवशी त्या जरा वेगळ्या आवाजात बोलत होत्या. नव्या रायपुरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी कुणाची तरी चौकशी आपणहून केली होती, आणि ती बाई दोन हजार वर्षांपूर्वीची होती.

दोन-तीन दिवसांनी मी ऑफिसातून आले तर गेटपाशीच वॉचमन म्हणाला, मॅडम, अध्यक्षसाब बुला रहे हैं, किसी ने मूर्ति रख दी. मैदानात गेले तर पाच-सहा माणसं झोपडीसमोर उभी, अध्यक्ष पुढे, दीदी माझ्याच बसमधून उतरलेली, तिचा चेहरा पांढराफटक. पेटीत पैऱ्यावर काहीतरी निजवलेलं होतं. वर जुन्या लुगड्याचं मऊ कापड लपेटलेलं, आणि डोक्याच्या जागी कुंची. ती कुंची मी ओळखली. माझ्या मुलीची, तान्हेपणीची, कपाटात जपून ठेवलेली.

"बहनजी, बात हुई थी न हमारी?" अध्यक्ष दीदीला म्हणाले.

"मैंने नहीं रखा," ती म्हणाली.

अध्यक्षांनी वाकून कुंची बाजूला केली. कापड सोडलं. आतून निघाला आमच्या घरचा वरवंटा. काळा, गुळगुळीत, एका टोकाला हळदीचा पिवळा डाग. मी मिक्सर घेतल्यापासून पाटा-वरवंटा बाल्कनीत पडून होता. गुढियारीहून येताना सासूबाईंनी तो कपड्यांच्या गाठोड्यात लपवून आणला होता, कारण मी नको म्हटलं होतं.

"ये क्या है?" अध्यक्षांनी विचारलं.

सासूबाई खुर्चीवरून हलल्यासुद्धा नाहीत. "वरवंटा आहे. मूर्ती कुठं आहे? दिसून राहिली काय तुम्हाले मूर्ती?"

मग मलाच खुलासा करावा लागला. आमच्याकडे बारशाला बाळ पाळण्यात घालायच्या आधी वरवंटा घालतात. त्याला बाळासारखं कपड्यात गुंडाळतात, पाळण्यात निजवतात, मग खरं बाळ. वरवंट्यासारखं टणक होवो म्हणून, असं कोणी सांगतं, नजर त्याला लागो म्हणून, असंही सांगतं. आणि रिकामा पाळणा तसाच ठेवणं म्हणजे आमच्या घरात घोर अपशकुन. सासूबाईंनी रिकामी गव्हाण बघितली, दोन दिवस कसंबसं सोसलं, तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

अध्यक्ष वरवंटा हातात घेऊन उभे. मसाला वाटायच्या दगडाला धार्मिक म्हणावं की नाही, याचा नियम त्यांच्या डोक्यात सापडत नव्हता. त्यांनी तो परत पेटीत ठेवला, आणि कापडही जमेल तसं वरून घातलं.

मला धास्ती होती दीदीची. तिच्या देवाच्या जागी, तेही वाट पाहायच्या दिवसांत, हळद लागलेला दगड! दुसरी कुणी असती तर घर सोडून जाईपर्यंत बोलली नसती. मी तिच्याकडे बघितलं तर तिनं तोंडावर पदर धरलेला आणि खांदे हलत होते. रडते आहे असं मला वाटलं. ती हसत होती. इतकी हसली की तिला गवतावर खाली बसावं लागलं.

हसू आवरल्यावर ती सासूबाईंपाशी गेली. "माँजी, इसको खाली ही रखते हैं. हम लोग इंतज़ार करते हैं न."

"वाट पाहा ना," सासूबाई म्हणाल्या. "पण ज्याची वाट पाहाची त्याची जागा गरम ठेवा लागते. थंडीत तसंच ठेवशीन काय लेकराले, गार पैऱ्यावर?"

दीदीनं अध्यक्षांनी वेडीवाकडी घातलेली कुंची नीट केली, नाड्या बांधल्या, आणि वरवंटा तिथंच राहू दिला. संध्याकाळी तिच्या मुलीनं येऊन त्याला गुड नाइट म्हटलं. चोवीस तारखेपर्यंत कॉलनीतली निम्मी पोरं रोज त्याला गुड नाइट म्हणून जायची.

आमच्या नववीतल्या मुलीला मात्र हे सगळं लाजिरवाणं वाटत होतं. "आजी, ये बर्थडे है, बारसा नहीं है," असं ती म्हणे. ती मराठी समजते सगळी, उत्तर हिंदीत देते. आजी स्वयंपाकघरात सुंठ कुटत होत्या. सुंठवडा करायचा होता, खोबरं, खारीक, साखर घालून. "जन्म झाला म्हणजे सुंठवडा. रामाले करतो, कृष्णाले करतो. याले काहून नाही?" आणि मला उद्देशून, "बाळंतिणीले काय देऊन राहिले हे लोक? केक! दात आंबतीन तिचे." डिंकाचे लाडूही झाले. ते मरियमसाठी. खाल्ले आम्हीच.

चोवीसची संध्याकाळ आली. मंचावर तारे लटकले, डीजेवाल्यानं स्पीकर आणून लावले, दीदीचा नवरा लाल सुटात उशी बसवत होता. कार्यक्रमाला अजून वेळ होता. दीदी एक पत्र्याचा डबा घेऊन खाली आली. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "भाभी, डीजे चालू होने से पहले रख देती हूँ. एक घंटा. फिर चर्च जाते समय वापस ले जाऊँगी. किसी को पता भी नहीं चलेगा."

मी तिला म्हटलं, मी आहे. पण खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. वर कुणाच्या गॅलरीतून कोण बघतंय, कुणाच्या हातात मोबाइल आहे, हे मी पहिल्यांदाच बघत होते. आपल्याच कॉलनीत, आपल्याच मंचाजवळ, एका बाळाला निजवायला बाईनं चोरासारखं यावं लागतं, याचं मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

सासूबाईंना मात्र चोरून काही करणं जमत नाही. त्यांनी झोपडीसमोर सतरंजी अंथरून आधीच बायका गोळा केल्या होत्या. पंधरा दिवस उन्हात बसून त्यांनी तेवढं कमावलं होतं. अध्यक्षांची बायकोही त्यांत होती. अबोल, ठेंगणी बाई, एरवी बैठकीला चहा पाठवून आत जाणारी.

"आण इकडं," सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. "असं नाही ठेवाचं. चार बायकांच्या हातातून जाऊ दे लेकराले."

डब्यातून दीदीनं बाळ काढलं. लाकडाचं, वीतभर, रंग उडालेलं. तिच्या आजोबांनी कोरलेलं होतं ते, हे तिनं तेव्हा सांगितलं. आधी सासूबाईंनी वरवंटा उचलला, गव्हाणीवरून या बाईनं त्या बाईला दिला, त्या बाईनं परत फिरवला. मग तसंच बाळ. माझ्या हातात आलं तेव्हा ते अगदी हलकं लागलं. शेवटी बाळ पेटीत निजवलं. सासूबाईंनी पाळणा धरला. कृष्णाचा येत होता तोच, नावं बदलून. आईच्या नावाशी अडकल्या, तेव्हा दीदीनं सांगितलं, "मरियम", आणि गाडी पुढे गेली. पाळणा संपला. मग अध्यक्षांच्या बायकोनं बसल्याजागी, जमिनीकडे बघत, बारीक आवाजात सोहर सुरू केला. तिच्या माहेरी बाळ जन्मल्यावर बायका म्हणतात तो. आणखी दोघींनी तिला साथ दिली.

"आता नाव," सासूबाई म्हणाल्या. "आत्या कोण आहे?"

आत्या कुणीच नव्हती. सासूबाईंनी दीदीच्या मुलीला ओढून पुढे घेतलं. "तू सांग कानात."

ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांचा आडोसा करून बाळाच्या कानाला लागली. बराच वेळ लागून राहिली. "क्या बोला?" माझ्या मुलीनं विचारलं. लाजिरवाणं वगैरे ती विसरली होती.

"हैप्पी बर्थडे बोला," पोरगी म्हणाली. "और बोला, केक है, पर मम्मी ने बोला सुबह खाना."

दीदी माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की नंतर तिथं वळ उठला.

तेवढ्यात अध्यक्ष आले. डीजे अजून का सुरू नाही ते बघायला निघाले असणार. चारी बाजूंनी पोरं, मध्ये बायका, त्यांची स्वतःची बायको सोहर म्हणते आहे, आणि पेटीत बाळ. मूर्तीच. आता वरवंटा म्हणून चालणार नव्हतं. दीदीनं माझा दंड सोडला आणि बाळ उचलायला वाकली.

अध्यक्ष सतरंजीच्या कडेपर्यंत आले आणि थांबले. त्यांनी खाली बघितलं. मग एका पायानं दुसऱ्या पायातला बूट काढला, मग दुसरा. त्यांनी ठरवून केलं असं मला वाटत नाही. जिथं बायका बसून जन्माची गाणी म्हणत असतात तिथं बूट घालून जायचं नाही, एवढं त्यांच्या पायांना माहीत होतं. पण एकदा बूट काढल्यावर करायचं काय? पुढे आले, वाकले, हात जोडले. सासूबाईंनी त्यांच्या हातावर सुंठवडा ठेवला. त्यांनी तो डोक्याला लावून तोंडात टाकला, आणि सुंठ तिखट लागून खोकले.

मग डीजे झाला. सांता झाला. तंबोला झाला. उशी या वर्षी निम्म्यात सुटली, त्यावर पोरं सर्वांत जास्त हसली. मीही नाचले.

चर्चला निघायची वेळ झाली तशी दीदी पत्र्याचा डबा घेऊन गव्हाणीपाशी आली. तिचा नवरा गाडीत बसला होता, मुलगी मागच्या सीटवर पेंगत होती. डब्याचं झाकण उघडून ती बाळाला उचलणार, तेव्हा सांताच्या खुर्चीवर टेकलेले अध्यक्ष म्हणाले, "कहाँ ले जा रही हैं?"

"घर में रख देती हूँ भैया. लौटने में देर होगी. कोई..."

अध्यक्षांनी मफलर कानाभोवती गुंडाळला. खुर्ची ओढत आणून झोपडीसमोर ठेवली आणि तिच्यात बसले. "आप जाइए. मैं यहीं हूँ. आज पैदा हुआ है, आज ही अंदर कर देंगे क्या?"

दीदीनं डब्याचं झाकण लावलं, रिकामा डबा काखेत धरला आणि गाडीकडे गेली. गाडी गेटबाहेर पडेपर्यंत ती काचेतून मागे बघत होती. मला रडू आलं ते मी लपवलं नाही, कुणाला दिसतही नव्हतं.

सासूबाईंनी घरी जायच्या आधी अध्यक्षांच्या अंगावर माझी शाल टाकली. "बसा," म्हणाल्या, "पण झोपू नका."